रेफर्ड बाय

सिल्वासाच्या डोकमर्डीत बसून पेशंटला पुढे पाठवायचं म्हटलं की हद्द आडवी येते. वापी गुजरातेत, तलासरी महाराष्ट्रात, आणि मधे आमचं सिल्वासा केंद्रशासित, 2020 च्या 26 जानेवारीपासून दमण-दीवला जोडलेलं. माझं रजिस्ट्रेशन महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलचं, कारण एमबीबीएस धुळ्याच्या सरकारी कॉलेजातून केलं. नवऱ्याला इथल्या यार्न कंपनीत नोकरी लागली, त्याच्यामागे मी आले आणि एक गाळा भाड्याने घेऊन दवाखाना टाकला. उद्या माझ्या हातून काही वावगं घडलं तर माझी तक्रार मुंबईला जायची, दवाखान्याची चौकशी सिल्वासात व्हायची, आणि मी पेशंट पाठवला ते हॉस्पिटल गुजरात सरकारच्या अखत्यारीत. अशा जागी कट प्रॅक्टिस, म्हणजे पेशंट पाठवल्याबद्दल कमिशन घेणं, फोफावते याचं कुणाला नवल वाटायला नको. अर्थात पुण्या-नाशकात एकाच सरकारचं राज्य आहे, आणि माझ्या बॅचचे तिथले मित्र सांगतात ते ऐकलं तर हद्दीला दोष देण्यात फारसा अर्थ उरत नाही.

दवाखान्याच्या बोर्डाचा रंग वाळायच्या आत मार्केटिंगवाला आला. इस्त्रीचा शर्ट, खांद्याला बॅग, बॅगेत डायरी, पेन आणि एक टेबल कॅलेंडर. माझं मराठी ऐकून खूश झाला. "मॅडम, तुम्ही धुळ्याच्या? मी नवापूरचा." मग नवापूरच्या गप्पा, मग चहा, आणि चहा संपता संपता विषय. ब्लडला तीस टक्के, सोनोग्राफीलाही तीस, सीटी आणि एमआरआयचं तो मालकाशी बोलून सांगणार होता. आवाजात चोरटेपणा अजिबात नव्हता. दूधवाला महिन्याचा हिशोब सांगतो तसा सांगत होता. मी नको म्हटलं तर त्याला वाटलं मला रोख नको आहे. "चेकने देऊ ना मॅडम. प्रोफेशनल फी म्हणून. एकदम व्हाइट."

मी पुन्हा नको म्हटलं. त्याने डायरी ठेवली, कॅलेंडर ठेवलं आणि गेला. पुढे त्या लॅबचा पोऱ्या पाकीट घेऊन आलाच. खाकी पाकीट, तोंडाला स्टेपल, वर माझं आडनाव, तेही चुकलेलं. आत नोटांबरोबर कॉम्प्युटरवरून काढलेली यादी होती: पेशंटचं नाव, तपासणी, बिलाची रक्कम, माझा हिस्सा, तळाशी बेरीज. नोटा परत करायच्याच होत्या, पण यादी मी वाचली. त्यात काही नावं अशी होती की ज्यांना मी कुठेच पाठवलं नव्हतं. पेशंट आपला आपण लॅबमध्ये गेला असणार, काउंटरवरच्या मुलीने विचारलं असणार, "आपके डॉक्टर कौन?" आणि त्याने माझं नाव सांगितलं असणार. झालं, मी रेफर केलं. त्यातली एक बाई माझ्याकडे फक्त मुलांच्या सर्दी-खोकल्याला यायची. तिने कोणती तपासणी करून घेतली हे तिने मला सांगितलं नव्हतं, आणि ती तपासणी कुणाला सांगावी अशीही नव्हती. ते मला कमिशनच्या हिशोबातून कळलं. पुढच्या खेपेला ती मुलाला घेऊन आली तेव्हा मला काहीच माहीत नसल्यासारखं बोलावं लागलं. कट प्रॅक्टिसबद्दल एवढं बोललं जातं, पण पेशंटच्या खाजगी गोष्टी अशा पाकिटातून फिरतात हे मी कुणाच्या तोंडून ऐकलेलं नव्हतं.

लॅबच्या प्रत्येक रिपोर्टवर "रेफर्ड बाय" असा एक रकाना असतो. तो मुळात चांगल्यासाठी आहे. साखर पाचशेच्या वर निघाली, प्लेटलेट दहा हजारांवर आल्या, तर लॅबने कुणाला फोन करायचा हे त्या रकान्यावरून कळतं. पण महिनाअखेरीचा हिशोबही त्याच रकान्यावरून निघतो. तो रिकामा ठेवावा तर अडचणीच्या वेळी फोन येत नाही, भरावा तर पाकीट येतं.

नियम काही अवघड नाही. मेडिकल कौन्सिल ऑफ इंडियाची 2002 ची आचारसंहिता आहे, तिचं 6.4 हे कलम. पेशंट पाठवला, सुचवला किंवा मिळवून दिला म्हणून डॉक्टरने भेट, बक्षिसी, कमिशन, बोनस यातलं काही द्यायचं नाही, मागायचं नाही, घ्यायचं नाही. आडून फी वाटून घेणंही त्यातच आलं, आणि तपासणीला पाठवलेल्या रक्ता-लघवीच्या नमुन्यांनाही तेच लागू. तेव्हा चेकने दिलं, प्रोफेशनल फी म्हटलं, पावती फाडली, तरी आतली गोष्ट तीच. त्या कौन्सिलच्या जागी आलेल्या नॅशनल मेडिकल कमिशनने 2023 च्या ऑगस्टमध्ये नवी नियमावली आणली होती. 2 तारखेला अधिसूचना निघाली आणि 23 तारखेला स्थगिती आली. त्यामुळे आज चालते ती 2002 चीच.

भोक आहे ते दुसरीकडे. ही संहिता रजिस्टरवर नाव असलेल्या डॉक्टरला बांधते. लॅबचा मालक डॉक्टर नसेल तर कौन्सिल त्याच्या केसालाही धक्का लावू शकत नाही. हॉस्पिटलवर कौन्सिलचा अधिकार चालत नाही, हे दिल्ली हायकोर्टात 2014 मध्ये स्पष्ट झालं. म्हणजे घेणारा सापडला तर त्याचं रजिस्ट्रेशन काही काळ जाऊ शकतं आणि देणारा दुसऱ्या दिवशी शेजारच्या दवाखान्यात कॅलेंडर घेऊन जातो. आयकराच्या बाजूने मात्र थोडं आवळलं गेलंय. औषध कंपन्या डॉक्टरांना ज्या भेटवस्तू आणि सहली देतात, त्याचा खर्च धंद्याचा खर्च म्हणून वजा करता येणार नाही, असं सुप्रीम कोर्टाने फेब्रुवारी 2022 मध्ये अपेक्स लॅबोरेटरीजच्या खटल्यात ठरवलं. घेणं बेकायदा आहे तर देणं कायदेशीर कसं, असा साधा सवाल त्यामागे होता. तो साधा सवाल सुप्रीम कोर्टापर्यंत न्यावा लागला, यातच सगळं आलं.

आमच्या धंद्यात याविरुद्ध कुणी बोललंच नाही असंही नाही. महाडचे डॉ. हिम्मतराव बावस्कर, विंचूदंशावरच्या संशोधनासाठी जगभर माहीत असलेले, त्यांना 2013 मध्ये एका डायग्नोस्टिक सेंटरकडून बाराशे रुपयांचा चेक आला. पेशंटला तपासणीला पाठवल्याचा तो मोबदला. त्यांनी सरळ महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलकडे तक्रार केली. डॉ. अरुण गद्रे आणि डॉ. अभय शुक्ला यांनी देशभरच्या डॉक्टरांना बोलतं केलं आणि 2016 मध्ये "डिसेंटिंग डायग्नोसिस" हे पुस्तक काढलं. 2017 मध्ये मुंबईत एशियन हार्ट इन्स्टिट्यूटने आम्ही डॉक्टरांना कमिशन देत नाही अशा अर्थाचे फलक लावले. त्यावर इंडियन मेडिकल असोसिएशन चिडली, ती कमिशनवर नव्हे, फलकांवर. त्याच वर्षी महाराष्ट्र सरकारने माजी पोलीस महासंचालक प्रवीण दीक्षित यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. समितीने कट प्रॅक्टिस रोखण्याच्या कायद्याचा मसुदा केला, त्यात तुरुंगवासाची तरतूद होती. तो मसुदा मसुदाच राहिला. आणि झाला असता कायदा, तरी तो तलासरीलाच थांबला असता, डोकमर्डीपर्यंत आलाच नसता.

हे सगळं मला पाठ आहे याचं कारण पाकीट नव्हे. पाकीट परत करायला फार मोठं मन लागत नाही. मला हा विषय चिकटला तो एका पेशंटमुळे.

शिरपूरकडचा माणूस, चाळिशीतला, एका कंपनीत रात्रपाळीला मशीनवर. सकाळी ड्युटी सुटल्यावर घरी न जाता थेट माझ्याकडे आला. छातीत जड वाटतंय, डावा जबडा दुखतोय, घाम येतोय. म्हणे गॅस असेल, कँटीनचा वडापाव खाल्ला. ईसीजी काढला. कागद मशीनमधून बाहेर येत होता तोवरच मला कळलं. ॲस्पिरिन चावायला दिली, आडवं केलं, बीपी घेतलं आणि सांगितलं, "दादा, आत्ताच्या आत्ता हॉस्पिटलात जायचंय. हार्टचं आहे."

तो उठून बसला. "मॅडम, एक इंजेक्शन द्या गॅसचं. नाही राहिलं तर संध्याकाळी जातो."

मी समजावलं. वापीच्या दोन हॉस्पिटलांची नावं घेतली. त्याचा चेहराच बदलला. बायकोला फोन लावला आणि माझ्यासमोरच म्हणाला, "हां, इथं पण वापीचंच सांगतायत." मग माझ्याकडे वळून, अगदी सभ्यपणे, "मॅडम, वाईट मानू नका. माझ्या भावाला असंच एका डॉक्टरने पाठवलं होतं. दोन दिवस ठेवून घेतलं, सतरा तपासण्या केल्या, काही निघालं नाही. नंतर कळलं, त्या डॉक्टरचं तिथे होतं."

त्याला काय उत्तर देणार? मी प्रामाणिक आहे असं म्हणाले असते तर त्याच्या भावाचा डॉक्टरही तेच म्हणाला असणार. राष्ट्रीय मानवाधिकार आयोगाने तयार केलेल्या रुग्णहक्कांच्या सनदेत एक हक्क असा आहे की, पेशंटला पुढे पाठवताना त्या निर्णयामागे धंद्याचा हिशोब असता कामा नये. पण पाठवण्याच्या त्या पाच मिनिटांत हिशोब नाही हे पेशंटला दिसणार कसं? टेबलावर लॅबचं कॅलेंडर होतं, हे माझ्या तेव्हाच लक्षात आलं. त्याच्या लक्षात ते आधीच आलं असणार.

शेवटी मी म्हटलं, "ठीक आहे, वापी नको. सिव्हिलला जा. तिथे मला कोण काय देणार?"

त्याने जरा विचार केला आणि लगेच तयार झाला. ईसीजी, बीपी काही पटलं नाही. हॉस्पिटल सरकारी आहे, तिथून डॉक्टरीणबाईला दमडी मिळणार नाही, एवढं एकच त्याला पटलं. यात अर्ध्या तासाच्या वर गेला. हार्ट अटॅकमध्ये अर्धा तास म्हणजे काय हे डॉक्टरला सांगायला नको. चिठ्ठी लिहिली: किती वाजल्यापासून दुखतंय, काय दिलं, किती वाजता दिलं, बीपी, ईसीजी सोबत जोडला आहे. बाहेर पानवाल्याने रिक्षा थांबवली, मी सिव्हिलला फोन केला. माणूस वाचला. पुढे गोळ्यांचा डबा घेऊन दाखवायला आला आणि मला म्हणाला, तुम्ही आधीच सिव्हिल म्हणायला पाहिजे होतं. पण दरवेळी सिव्हिल हेच उत्तर नसतं, आणि असलं तरी पेशंट तिथे जातोच असं नाही.

कट घेणारा डॉक्टर फक्त आपल्या पेशंटला लुबाडतो असं नाही, तो माझ्या चिठ्ठीची किंमतही घालवतो. त्याने नको तिथे पाठवलेली माणसं पुढच्या वेळी, खरंच जायची गरज असताना, जात नाहीत. बिल किती वाढलं ते मोजता येतं. अशी किती माणसं छातीत दुखत असताना घरी जाऊन झोपली, ते कुठल्या यादीत येत नाही.

सिल्वासात रेफर होणाऱ्यांची दुसरी एक दुनिया आहे, तिच्यात पाकिटाचा प्रश्नच येत नाही. श्री विनोबा भावे सिव्हिल हॉस्पिटलात आमच्या खानवेल-दुधनीकडचे वारली आणि कोकणा लोक येतात, तसेच पालघर जिल्ह्यातल्या डहाणू, तलासरी, जव्हारकडूनही येतात. तिकडच्या ग्रामीण रुग्णालयात सोय नसली की महाराष्ट्रातली बाई बाळंतपणासाठी हद्द ओलांडून सिल्वासाला पाठवली जाते. 2019 मध्ये इथे नमो मेडिकल कॉलेज सुरू झालं. त्याआधी आमच्याकडूनही जडसं काही असलं की वलसाड, सुरत नाहीतर मुंबई. आता बरंच इथेच होतं. पण वाटेचा प्रश्न राहतोच. नोव्हेंबर 2024 मध्ये डहाणू तालुक्यातली एक गरोदर बाई अशीच सिल्वासाला आणताना रस्त्यात दगावली, बातम्या आल्या होत्या. अशा तातडीच्या पेशंटसाठी कायदाही आहे, क्लिनिकल एस्टॅब्लिशमेंट ॲक्ट, 2010 चा. आमचा प्रदेश केंद्रशासित असल्यामुळे तो आम्हाला लागू आहे. त्यात स्पष्ट म्हटलंय की तातडीचा पेशंट आला तर आपल्याकडे जे मनुष्यबळ आणि साधन आहे त्यात त्याला सावरण्यापुरते उपचार करायचेच. नुसतं "पुढे न्या" म्हणून दारातून परत लावायचं नाही. आणि आचारसंहितेत 3.6 असंही एक कलम आहे, ज्याची कुणी आठवण काढत नाही: तज्ज्ञाकडे पाठवताना केसचा सारांश लिहून द्यायचा, आणि तज्ज्ञाने आपलं मत पाठवणाऱ्या डॉक्टरला लेखी कळवायचं. 6.4 वर परिसंवाद होतात, पेपरात लेख येतात. 3.6 कुणी पाळत नाही आणि त्याबद्दल कुणाला लाजही वाटत नाही. मला विचाराल तर दोन्ही एकाच रोगाची लक्षणं आहेत. जिथे पाकीट चालतं तिथे चिठ्ठीवर नाव आणि मोबाइल नंबर एवढंच लागतं, कारण त्यावरून हिशोब निघतो. केस कुणाला लिहायचीय?

आता दुसरी बाजूही सांगते, नाहीतर मी फार सोवळी आहे असं वाटेल. डोकमर्डीत शंभर रुपये फी घेतली तर पेशंट विचारतो, त्यात गोळ्या का नाहीत. कंपनीतल्या पोराच्या खिशात महिनाअखेरीला खरंच काही नसतं. गाळ्याचं भाडं, कंपाउंडरचा पगार, लाइट बिल काही थांबत नाही. आणि ज्या पेशंटचं निदान मी तासभर डोकं खपवून केलं, त्याचं ऑपरेशन करणारा सर्जन एका दिवसात जे मिळवतो ते मला महिन्यात दिसत नाही. अनेक डॉक्टर कट घेतात ते हावरेपणाने नव्हे, तर शंभर रुपयांत दवाखाना चालत नाही म्हणून. हे मला समजतं. पण मग फी दीडशे करावी आणि पेशंटच्या तोंडावर मागावी. मी केली. काही पेशंट गेले, पुढच्या गल्लीत शंभरात गोळ्या मिळतात तिथे गेले.

आणि नवीन तज्ज्ञाची गोष्ट. वापीत एक सर्जन आला, तरुण, हात चांगला. त्याने पहिल्या दिवसापासून सांगितलं, मी कुणाला काही देणार नाही. मी त्याच्याकडे हर्नियाचे, अपेंडिक्सचे पेशंट पाठवले. तो प्रत्येक वेळी चिठ्ठीच्या मागच्या बाजूला लिहून पाठवायचा: काय सापडलं, काय केलं, टाके कधी काढायचे, कशाकडे लक्ष ठेवायचं. त्या चार ओळी वाचताना मला परत वॉर्डात उभी असल्यासारखं वाटायचं, सिनियर शिकवतोय तसं. वर्षभर त्याचं हॉस्पिटल निम्मं रिकामं राहिलं. मग तो सुरतेला एका मोठ्या हॉस्पिटलात नोकरीला गेला. तिथे पेशंट आणण्याचं काम त्याच्या अंगावर नाही, ते मार्केटिंगवाले बघतात.

मी काय केलं तर लॅबवाल्यांना एकच गोष्ट सांगितली. माझा जो काही हिस्सा तुम्ही धरता तो पेशंटच्या बिलातून कमी करा, आणि रिपोर्टवर माझं नाव राहू द्या, म्हणजे गंभीर काही असलं तर फोन येईल. दोन लॅबवाल्यांनी सांगितलं, "सिस्टीममध्ये तसं होत नाही, मॅडम." सिस्टीममध्ये पाकीट होतं, सूट होत नव्हती. तिसरा तयार झाला. पेशंटचं बिल खरंच उतरलं. थायरॉइडच्या तपासणीत एका बाईचे दीडशे रुपये वाचले तर तिने ते चाळीतल्या चार जणींना सांगितलं.

महिन्याभरात त्या लॅबवाल्याचा फोन आला. आवाज पडलेला. म्हणाला, "मॅडम, सूट देतो ना, पण पेशंटला सांगू नका. बाकीच्या डॉक्टरांचे पेशंट बिल घेऊन येतात, आम्हाला जास्त का म्हणून विचारतात. डॉक्टर लोक नाराज होतात."

मी म्हटलं, मी सांगत नाही, बिलच सांगतं. त्यावर तो दोन दिवस विचारात होता. मग त्याने तोड काढली. आता माझ्या पेशंटच्या बिलावर सूट छापून येते, पण तिच्यापुढे "कॅम्प रेट" असं लिहिलेलं असतं, म्हणजे दुसऱ्या कुणी विचारलं तर सांगता येतं की कॅम्प होता. डोकमर्डीत माझ्या पेशंटांसाठी बारा महिने कॅम्प चालू आहे. कुठे भरतो, ते एक-दोघांनी मला येऊन विचारलंही आहे.